आईचं लातूर

रुद्राणीचा नीट परीक्षेचा निकाल दुसऱ्यांदा वाईट लागला, तेव्हा तिला काही वाटलं नाही. मोबाइलवर आकडा दिसला, तो तिनं आईला वाचून दाखवला, आणि केस विंचरायचे राहिले होते म्हणून ती केस विंचरायला बसली. आई, म्हणजे सिंधु, तोंडावर हात दाबून रडली. आवाज ऐकून खालून घरमालकीण जोहराआपा धावत वर आल्या, त्याही रडल्या. जिचं वर्ष वाया गेलं होतं ती पोरगी मात्र भांग सरळ आलाय का, ते आरशात बघत होती.

लोकांना असलं काही पचत नाही. पोरगी रडली तर समजूत काढता येते, चिडली तर दोन शब्द सुनावता येतात. नुसती बसून राहणाऱ्या पोरीचं काय करायचं? मग म्हणायचं, धक्का बसलाय. रुद्राणीला धक्काबिक्का काही बसला नव्हता. तिला भूक लागली होती, आणि घरात कुणी आता स्वयंपाक करेल असं दिसत नव्हतं, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

ती मुखेडजवळच्या एका खेड्यातली. दहावीनंतर वडिलांनी, श्रीमंतनं, तिला लातूरला आणलं आणि रीतीप्रमाणे सोबत आईलाही आणून ठेवलं. ही रीत लातूरला आता इतकी रुळलीय की कुणाला तिचं नवल वाटत नाही. पोर क्लासला जाणार, आई भाड्याच्या खोलीत डबा करणार, बाप गावाकडं शेत बघणार. गल्लीच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या. त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. ही अमक्याची मम्मी, ती तमक्याची मम्मी. कुणाची मम्मी कोणत्या बॅचची, तेही सगळ्यांना पाठ. खोली घेतल्यावर सिंधुनं पहिलं काम काय केलं, तर एका कोऱ्या कागदावर 'डॉ. रुद्राणी' असं ठळक लिहून तो पोरीच्या उशाशी भिंतीला चिकटवला. क्लासवाल्यांनीच तसं सांगितलं होतं. डोळे उघडले की ध्येय दिसलं पाहिजे म्हणे. सुरुवातीला दिसायचं. पुढंपुढं भिंत आणि कागद वेगळे दिसेनासे झाले.

रुद्राणी मुळात ढ नव्हती, आळशी तर अजिबात नव्हती. लहानपणी तुरीच्या शेंगा फोडून ती आतली अळी बघत बसायची. अळ्या काचेच्या बरणीत ठेवायची, त्यांना पाला घालायची, आणि त्यापायी चुलतीचा मार खायची. चुलती केवळाबाई घरात थोरली. बरणी तिची, लोणच्याची. मार खाऊनही रुद्राणी दुसरी बरणी शोधायची. मग दहावीत तिला विज्ञानात भरभरून गुण पडले, आणि गावानं मारुतीच्या पारावर शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला. सरपंच म्हणाले, आपल्या गावाची पहिली डॉक्टरीण. टाळ्या पडल्या. जे करण्यापायी धपाटे मिळत होते त्यालाच शाल मिळाली, आणि का कोण जाणे, तिथूनच त्यातली गोडी आटली. आता तिला जास्वंदीचं फूल दिसलं की फुलाखाली चार पर्याय दिसायचे. फूल बघायचं राहूनच जायचं.

निकालानंतर श्रीमंतचा फोन आला. हा माणूस मऊ. पोरीवर त्यानं कधी आवाज चढवला नाही.

"बाळा, जीवाला लावून घेऊ नको," तो म्हणाला. "सोमवारी दोघीबी गावाकडं या. बसून ठरवू. अजून एक वर्ष करायचं असंल तर करू, नको असंल तर नको. मुखेडला कॉलेज हायच की. घर बी लई खायला उठतंय आता."

शेवटचं वाक्य त्यानं घाईत म्हटलं आणि खोकला काढला. बायको नसलेल्या घरात त्याला करमत नव्हतं, हे पोरीला कसं सांगणार बिचारा!

रुद्राणीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. नको म्हणायचं. त्यात सुटका नव्हती की आनंद नव्हता. पुन्हा तीच पुस्तकं पहिल्या पानापासून उघडायची, या विचारानं तिचे हात जड व्हायचे, इतकं साधं कारण होतं. कॉलेजला जाऊन तरी काय करणार, ते तिला माहीत नव्हतं. पण नको, एवढं पक्कं होतं.

रविवारी क्लासनं रिपीटर मुलांसाठी प्रेरणा शिबिर ठेवलं होतं. फुकट होतं. सिंधुनं मागं लागून तिला धाडलं. "जाऊन तर ये. बसून बसून काय करणार?"

शिबिर घेणारे सुदर्शन सर. क्लासात त्यांचं काम एकच, पोरांना पेटवणं. उंच, शिडशिडीत, पांढरा शर्ट, आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगाही ताठ व्हावा. ते लबाड नव्हते, हे आधी सांगून टाकतो. जे बोलत ते त्यांना मनापासून वाटायचं, आणि दर शिबिरात ते स्वतःही रडायचे.

त्यांनी हॉलमधले दिवे घालवायला लावले. स्पीकरवर बासरी सुरू झाली.

"डोळे मिटा," सर म्हणाले. "आणि मला सांगा, आत्ता, या क्षणाला तुमची आई काय करत असेल? बघा तिच्याकडं. शेत सोडलं, घर सोडलं, माणसं सोडली. परक्या गावात, पत्र्याच्या खोलीत, कुणासाठी कोंडून घेतलंय तिनं स्वतःला? तिच्या पायाच्या भेगा बघा. दिसतात का?"

पहिल्या रांगेतली एक मुलगी हुंदका देऊन रडली. मग तिच्या शेजारची. रडण्याचं जांभईसारखं असतं, एकाला आली की फिरत जाते. हॉल मुसमुसायला लागला. रुद्राणीनं डोळे मिटले होते, प्रामाणिकपणे मिटले होते. तिला आई आणायची होती डोळ्यांपुढं. पण येईना. आईच्या पायाला भेगा आहेत की नाहीत, हेच तिला आठवेना.

सर माइक घेऊन फिरत फिरत तिच्याजवळ आले. एकटी कोरडी दिसली असणार.

"बेटा, तुला काय दिसलं?"

"अंधार," रुद्राणी म्हणाली.

कुणीतरी रडता रडता फिसकन हसलं. सरांना ते लागलं. "आईचे कष्ट ज्याला दिसत नाहीत," ते सगळ्या हॉलला म्हणाले, "त्याच्यात आग कुठून येणार?"

यावर रुद्राणीला राग यायला हवा होता. तिला फक्त तहान लागली. पाणी प्यायला म्हणून ती उठली, बाहेर आली, आणि परत आत जायचं तिच्या पायांनी मनावरच घेतलं नाही. ती खोलीकडं चालू लागली.

वाटेत एक मोकळी प्लॉटिंग लागते. खांब रोवलेत, रस्ते आखलेत, घर एकही नाही. तिथं एक स्कूटी वेडीवाकडी धावत होती आणि एक बाई ओरडत होती. ओरडणाऱ्या जोहराआपा होत्या. ओढणी कमरेला खोचून त्या गाडीमागं पळत होत्या.

"अगे सिंधु, सामने देख! नीचे नक्को देख गे! बिरेक मार, बिरेक!"

गाडीवर आई होती.

क्लासच्या यशस्वी मुलांच्या फोटोंचा मोठा फलक होता, त्याच्या आड रुद्राणी उभी राहिली. आईच्या अंगात निळा पंजाबी ड्रेस होता. असला ड्रेस ती घालायला कधीपासून लागली? खोलीवर तर रोज दिसत असणार, आपलंच लक्ष नव्हतं. आईचे केस सुटले होते. गाडी दगडाला अडून कलंडली, आई पाय टेकून कशीबशी सावरली, आणि मग दोघी बाया एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसल्या, की आईला खोकल्याची उबळ आली. हसताना आईचा आवाज असा फाटतो, हे रुद्राणीला ठाऊकच नव्हतं. गावाकडं आई तोंडाला पदर लावून हसायची, तेही केवळाबाई घरात नसल्या तर.

आत्ता, या क्षणाला, तुमची आई काय करत असेल? घ्या. ही अशी करत होती.

फलकाआड उभ्या उभ्या रुद्राणीच्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली. दुपारी आई खाली जाऊन जोहराआपांबरोबर साड्यांना फॉल-पिको करते. पहाटे गल्लीतल्या बाया फिरायला निघतात, त्यात आई सगळ्यात पुढं असते. भाजी आणायला निघालेली आई तास-तास येत नाही. आणि निकालाच्या संध्याकाळी, डोळे सुजेस्तोवर रडून झाल्यावर, कणीक मळताना आई गुणगुणत होती. तेव्हा रुद्राणीनं ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला तिच्या डोक्यात जागा नव्हती. आता लागला. पोरगी शिकत होती तोवरच आईला लातूर होतं. पोरगी डॉक्टर झाली तरी आई गावाकडं, पोरीनं नाद सोडला तरी आई गावाकडं. फक्त पोरगी नापास होत राहिली तरच आई इथं.

आईला न दिसता ती दुसऱ्या रस्त्यानं खोलीवर गेली. वाईट वाटतंय का, हे तिनं स्वतःलाच चाचपून बघितलं. वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं.

सोमवारी गावाकडच्या घरात बैठक बसली. बैठक म्हणजे ओसरीवर श्रीमंत, त्याचा थोरला भाऊ व्यंकट, आणि उंबऱ्याला टेकून केवळाबाई. सिंधु आतल्या अंगाला, नऊवारी नव्हे पण घट्ट चापूनचोपून नेसलेल्या साडीत, डोक्यावरून पदर घेऊन मेथी निवडत बसली होती. काल जिनं प्लॉटिंग दणाणून सोडली तीच ही बाई, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

"लेकरू थकलंय," केवळाबाई म्हणाल्या. "तोंड बघा की कसं झालंय. आणा घरी. आन् सिंधुला बी घरदार हाय का न्हाई? मी एकली कुठवर खपू?"

केवळाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांचे गुडघे खरंच दुखत होते.

"तिला बोलू दे, वैनी," श्रीमंत म्हणाला. "बोल बाळा. तुझ्या मनात काय हाय? कुणाकडं बघू नको."

कुणाकडं बघू नको म्हटल्यावर माणूस नेमकं बघतंच. रुद्राणीनं आत बघितलं. आईनं मेथीची काडी हातात धरली होती. ती ना मोडत होती ना ठेवत होती. तिची मान खाली होती आणि ती जीव मुठीत धरून ऐकत होती, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. रुद्राणीच्या जिभेवर 'नको' तयार होतं. पण ते 'नको' कशासाठी? स्वतःच्या पारड्यात ठेवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. आईच्या पारड्यात निदान एक स्कूटी तरी होती.

"मला अजून एक वर्ष द्या," ती म्हणाली.

व्यंकटकाकांनी मांडीवर थाप मारली. "हिला म्हणतात जिद्द! दोनदा पडली तरी उठायलीय पोरगी." श्रीमंतचे डोळे भरून आले. त्याला बायको हवी होती, ती आता येणार नव्हती, तरी त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असं पायजे. मी हाय तुझ्या मागं." केवळाबाईसुद्धा गुडघा चोळत म्हणाल्या, "देवी हाय बाई ही." सगळ्यांना तिच्यात आग दिसली. पोरगी मात्र आतून राखेसारखी गार होती, आणि बापाचा हात डोक्यावरून कधी उचलला जातो याची वाट बघत होती.

आतून मेथी मोडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मुखेडहून लातूरच्या गाडीत बसल्या. खिडकीत रुद्राणी, शेजारी सिंधु, पायाशी ज्वारीच्या पिठाची पिशवी. जांब गाव मागं पडलं. मग सिंधु एकाएकी म्हणाली, "खरं सांग. तुला करायचंय?"

"हाव."

"खोटं बोलायलीस तू."

रुद्राणीनं खांदे उडवले.

"मग कशापायी हाव म्हणलीस सगळ्यांम्होरं?"

"तुझ्यापायी," रुद्राणी म्हणाली. वेळ विचारल्यावर सांगावी तसं तिनं सांगितलं. "रविवारी तुला बघितलं मी. प्लॉटिंगवर."

सिंधुचा चेहरा पांढराफटक पडला. चोरी पकडल्यावर पडतो तसा. तिनं उगाच पिठाची पिशवी इकडची तिकडं केली. पुढं बसलेल्या बाईनं मागं वळून बघितलं, तशी सिंधु आवाज दाबून बोलायला लागली.

"निकाल लागला तवा मी रडले ना, ते खरंच रडले गं. तुझ्या गळ्याशपथ. पर रडून झाल्यावर मनात आलं, चला, अजून एक वर्ष मिळालं. तुझं वाटोळं झालं आन् मला बरं वाटलं. काल तू हाव म्हणलीस तवा तर लई बरं वाटलं. रातभर मला माझीच किळस आली. अशी माय असती का कुठं?"

असते. पण असं कुणी सांगत नाही तिला, आणि रुद्राणीलाही ते सुचलं नाही. ती आईकडं बघत राहिली. आईला दुखतंय हे तिला दिसत होतं. आत पोचत नव्हतं.

शिरूर ताजबंदला गाडी चहासाठी थांबली. सिंधु तरातरा खाली उतरली. रुद्राणी मागोमाग उतरेपर्यंत तिनं रसाच्या गाड्याजवळ उभं राहून श्रीमंतला फोन लावलासुद्धा होता. सिंधु फोन कानाला लावत नाही. तोंडासमोर आडवा धरते आणि स्पीकरवर बोलते, त्यामुळं शिरूरच्या अर्ध्या स्टँडला ऐकू येतं.

"ऐका," ती म्हणाली. "पोरीला क्लास नको हाय. काल ती माझ्याकडं बघून हाव म्हणली. तिला बळंच बसवू नका आता."

"आँ?" श्रीमंत म्हणाला. "बरं... मग माघारी या की."

"ती यायची तर येईल. मी येत न्हाई."

रसाच्या गाड्याची घुंगरं वाजली.

"का गं? मी काही बोललो का तुला? वैनी बोलली?"

"कुणी न्हाई बोललं. राग न्हाई कुणावर. मधून मधून येत जाईन, तुम्ही बी या. पर मला लातूरला राहायचंय."

"पर कशापायी? पोरगी शिकत न्हाई, मग तुझं काम काय तिथं?"

सिंधुला कारण सापडेना. एवढ्या वर्षांत तिनं जे जे केलं त्याला दुसऱ्या कुणाचं तरी कारण होतं, सासूचं, जावेचं, पोरीचं. तिचा अंगठा फोनच्या कडेवर चोळला जात होता. मग ती म्हणाली, "मला आवडतं तिथं."

"आँ?"

"आवडतं. बास."

लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोच्या तोंडून हा शब्द श्रीमंतनं भाजीच्या बाबतीतसुद्धा ऐकला नसेल. तो म्हणाला, "पोरीला दे जरा."

सिंधुनं फोन पुढं केला.

"बाळा, तुला काय करायचंय?"

"ठाऊक न्हाई, दादा."

"बरं," तो म्हणाला. आवाज थकलेला होता, पण वाकडा नव्हता. "ठाऊक झालं की सांग. गाडी सुटंल, बसा जाऊन."

दोघी गाडीत चढल्या. सिंधु पुढं होती, ती सरळ खिडकीत जाऊन बसली. गाडी हलली. वारा आला तसा तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर ओढून घेतला आणि बाहेर बघायला लागली. ती हसत नव्हती. घाबरली होती. पण तोंडावर एक तजेला होता, आपलं म्हणणं एकदाचं बोलून टाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो तसला.

रुद्राणी त्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या छातीत काहीतरी झोंबलं. आधी तिला वाटलं, चहा न पिता गाडीत चढले म्हणून. मग तिनं ओळखलं. हेवा होता तो. तिला आईचा हेवा वाटत होता. आईला काय आवडतं ते आईला ठाऊक होतं, आणि भर स्टँडवर तिनं ते बोलून दाखवलं होतं. आपल्याला असं एक वाक्य बोलता येऊ नये? मला आवडतं. कशाबद्दल बोलायचं? तिनं शोधलं. सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचा तिला राग आला, डोळ्यांत पाणी येईल इतका राग आला.

"माय, सरक. खिडकी माझी हाय."

"मुखेडपासून तूच होतीस की."

"मला पायजे."

सिंधुनं वळून तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती चटकन उठली असती, पोरीसाठी उठायचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण ती हलली नाही.

"चाकूर आलं की देते," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

"नक्की?"

"हाव."

रुद्राणीनं पिठाची पिशवी पायानं पुढं सरकवली, हाताची घडी घातली आणि चाकूरची वाट बघत बसली.